दहा मिनिटं झाली की हाक मारा

६ जानेवारी २०२५, हळदगाळी

पोचले बाई एकदाची! बेळगावहून रामनगरपर्यंत बस, रामनगरच्या तिठ्यावर दीड तास वाट बघणं, आणि मग जीपमध्ये मी, माझी तीन खोकी, एका मावशीची कोंबडी आणि सिमेंटची दोन पोती. जीपवाला खोकी टपावर टाकायला निघाला तेव्हा मी अशी काही ओरडले की त्यानं मुकाट्यानं एक खोकं पुढच्या सीटवर बसवलं आणि तिथल्या माणसाला टपावर पाठवलं. तो माणूस उतरताना मलाच हात जोडून गेला.

घर एकदम झकास आहे. कौलारू, मातीच्या जाड भिंती, मागं सुपारीची बाग आणि तिच्यामागं जंगलच. मालक परशूमामा सुतारकाम करतात. त्यांची बायको गिरजाक्का. मुलगा प्रज्योत मडगावला हॉटेलात असतो, त्यामुळं घरात ही दोघं आणि मोत्या नावाचा एक आळशी कुत्रा. मला भाताच्या कोठीची खोली दिली आहे. तिची भिंत छपरापर्यंत गेलेली नाही, पुरुषभर उंचीवर संपते, म्हणून पलीकडच्या सोप्यातलं सगळं ऐकू येतं. परशूमामा खोकतात, गिरजाक्का त्यांच्यावर करवादते, असा कार्यक्रम चालू आहे.

प्रयोगाची वही वेगळी. ही वही माझी, हिच्यात शिव्या चालतात.

७ जानेवारी

यंत्र मांडलं. गिरजाक्कानं विचारलं, हे काय हाय? सांगितलं. गाडी मागं घेताना टीं टीं वाजतं ना, त्या सेन्सरमध्ये एक बारकी चकती असते, आवाज काढणारी. तसल्या छत्तीस वरच्या वाटीत, छत्तीस खालच्या वाटीत, वाट्या समोरासमोर. आवाज इतका बारीक की माणसाला ऐकू येत नाही. वरचा आणि खालचा आवाज मध्ये भिडतात आणि तिथल्या तिथं उभे राहतात. मग दर चार मिलिमीटरवर हवेत एक शांत जागा तयार होते. त्या जागेत हलका कण सोडला की तो तिथंच बसतो. ना दोरा, ना हात. पुढंमागं या जागा हलवल्या की कणही हलतो.

पुढं यातूनच हवेतले बुरशीचे कण धरून सुपारीवरचा रोग आधी ओळखता यावा, असा आमचा मोठा बेत. सध्या छोटा बेत म्हणजे कण नुसता टिकवणं. आमच्या प्रयोगशाळेसमोरून ट्रक गेला की कण पडतो, म्हणून मी इथं, जिथं दिवसातून दोन जिपा जातात.

अक्कानं विचारलं, माणूस उचलंल काय यानं? मी हसले. म्हटलं, धरणारी जागा धरायच्या वस्तूपेक्षा मोठी लागते. माझी जागा चार मिलिमीटरची, तिच्यात खसखस बसेल, फार तर मुंगी. माणसाला धरायला माणसाएवढी जागा लागेल. अक्का म्हणाली, मग बरं हाय, आणि पोळ्या करायला गेली.

यंत्र सुरू केल्याबरोबर मोत्या शेपूट घालून पळाला. कुत्र्यांना हा आवाज थोडाफार ऐकू येतो.

११ जानेवारी

त्रेचाळीस सेकंद. चार दिवस राबून त्रेचाळीस सेकंद! थर्माकोलचा मणी मस्त बसतो, डुलतो, मला आशा लावतो आणि टपकन पडतो. लाइटचा दाब वर-खाली, इन्व्हर्टर वेगळाच रागावलेला, आणि स्टँडचे पाय हलतात. जमीन सारवलेली, सपाट म्हणजे मनानंच सपाट.

लिहूनच ठेवते म्हणजे विसरायला नको : १ फेब्रुवारीला माझे गाइड दत्तप्रसाद सर इथं येणार. त्यांच्यासमोर एक कण दहा मिनिटं हवेत धरून दाखवायचा. दाखवला तर फेलोशिप आणखी एक वर्ष. नाही तर मार्चमध्ये गाशा गुंडाळायचा आणि बेळगावात बारावीच्या शिकवण्या घ्यायच्या. सहा वर्षं घातलीत मी यात. सहा!

परशूमामा दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, तुमचा कण म्हंजे नवा जावई हाय मास्तरीणबाई, बसा बसा म्हटलं तरी उठतोय. मला हसायचं नव्हतं तरी हसू आलं. फणसाच्या लाकडाचा चौरंग करून देतो म्हणाले, पाय न हलणारा.

१४ जानेवारी

चौरंग आला. टेप न लावता केला आहे आणि माझ्या पातळीयंत्रातला बुडबुडा बरोबर मधोमध. दोन मिनिटं दहा सेकंद! माझे घड्याळाकडं डोळे लावायचे हाल बघून परशूमामाच सेकंद मोजायला बसतात, मोठ्यानं, एक ते सहाशे. सहाशेपर्यंत कधी गेलो नाही. एकशे तिसाला कण पडला की ते पुन्हा शांतपणे एकपासून सुरू करतात. मी असते तर पाट फेकून मारला असता.

तिळगूळ देताना त्यांनी एक बोली केली. ज्या दिवशी दहा मिनिटं भरतील त्या दिवशी मला हाक मारायची. बागेत असू दे, रामनगरच्या बाजारात असू दे, हातातलं काम टाकून येणार. माझ्या चौरंगावर झालंय म्हंजे मला बघायचंच हाय. मी टाळी दिली. अक्का म्हणाली, बाजारात कशी ऐकू येणार हाक, कान तरी हायत काय धड? ते म्हणाले, हिची येईल.

१८ जानेवारी

परशूमामा गेले.

दुपारी बारा-सव्वाबारा. सोप्यात माझ्याच दुसऱ्या चौरंगाचा पाय रंधत होते. मी इकडं दोनशे सेकंदांच्या आसपास होते, रंध्याचा आवाज थांबला याची मला काळजी वाटली नाही, उलट बरंच वाटलं. शांतता मिळाली म्हणून. कण पडल्यावर बाहेर आले तर खांबाला टेकून बसलेले, मांडीवर लाकूड. जीपनं रामनगरला नेलं, डॉक्टरांनी हात लावून मान हलवली.

मला काही सुचत नाही. अक्का एकदाही मोठ्यानं रडली नाही. मी रडले.

२२ जानेवारी

प्रज्योत आला आहे. घरात सुतक, शेजारच्या चुलतघरातून जेवण येतं, मलाही वाढतात. मी परत जाऊ का विचारलं. अक्का म्हणाली, जाऊन काय करशील, त्यांनी चौरंग केलाय तो वाया जाईल.

आणि माझं घोडं इथंच पेंड खातंय. काल मण्यांची बाटली उपडी झाली. थंडीच्या कोरड्या हवेत थर्माकोलचे मणी कपड्यांना, केसांना, भिंतीला, जिकडंतिकडं चिकटले आहेत, आणि एक जरी हातात आला तरी बोट सोडत नाही. नवे मागवले तर आठ दिवस. रवा जड. राख चिकटते. हळदीच्या गुठळ्या होतात. गिरणीचं पीठ भरड. घरात मयत झालंय आणि मी पिठं चाळत बसले आहे, लाज वाटते, पण १ तारीख काही माझ्यासाठी थांबणार नाही.

२६ जानेवारी

उद्या दहावा. अक्कानं तांदूळ भाजून जात्यावर दळले आणि मग ते पीठ धोतराच्या फडक्यातून तीनदा गाळलं. मी बघतच राहिले. इतकं हलकं, कोरडं, मोकळं पीठ मी बाजारात बघितलेलं नाही. चिमूटभर मागितलं. अक्का पहिल्यांदाच माझ्यावर कडाडली. याला हात लावायचा न्हाई.

मग नरमली आणि सांगितलं. दहाव्याला दिवेलागणीला, जिथं जीव गेला तिथं हे पीठ पसरायचं, शेजारी पणती, वरून टोपलीसारखं डालगं पालथं घालायचं आणि घर मोकळं करून सगळ्यांनी दुसरीकडं निजायचं. सकाळी डालगं उचललं की पिठात जाणाऱ्याची पावलं दिसतात. आमच्या बेळगावच्या शहापुरातही असं ऐकलंय, पाखराची खूण उमटते, गाईचं खूर उमटतं वगैरे. इथं मात्र दोन पावलंच लागतात, डावं आणि उजवं, तोंड दाराकडं. दोन्ही उमटली म्हणजे माणूस सुटला. मग ते पीठ तेराव्याला ओढ्यात सोडायचं.

२७ जानेवारी, रात्री आठ

झालं! झालं झालं झालं!

पण नीट लिहिते. संध्याकाळी सगळे चुलतघरी गेले. मलाही बोलावलं, मी बॅटरीचं निमित्त सांगितलं. अक्का म्हणाली, राहा, पण सोप्यात जाऊ नको, एवढंच. मी हो म्हटलं.

आणि गेले. काय करू? पाच दिवस हातावर हात ठेवून बसले होते, लाइट चांगली होती, आणि भिंतीपलीकडं ते पीठ. डालग्याची कड दोन बोटं उचलली. पीठ एकसारखं, कुठं काही उमटलेलं नव्हतं. पुढच्या बाजूनं, दाराकडच्या अंगाला, एक चिमूट घेतली. फक्त एक चिमूट. त्यातली खसखशीएवढी एक गोळी चमच्यावरून मधल्या जागेत सोडली.

बसली. हलली पण नाही. मी मोजत होते, मोठ्यानं, त्यांच्यासारखंच. तीनशे. चारशे. पाचशे नव्वदला माझा आवाज फाटला. सहाशे झाले आणि मी काहीच विचार न करता ओरडले, परशूमामा, झाली हो दहा मिनिटं!

मग लक्षात आलं आणि तोंडावर हात ठेवला. सवयच लागली होती ना, संक्रांतीपासून तेच ठरलं होतं. खूप रडू आलं. त्यांना बघायला मिळायला हवं होतं. पलीकडं पणती फडफडल्यासारखी वाटली. वाऱ्यानं असेल.

गोळी अजून हवेत आहे. एक तास झाला.

२८ जानेवारी

सकाळी डालगं उचललं. एकच पाऊल. डावं. अंगठ्यासकट स्वच्छ, तोंड दाराकडं. त्याच्या पुढं जिथं उजवं पडायला हवं होतं तिथं काही नाही, फक्त माझ्या दोन बोटांनी काढलेला खळगा.

मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. सूक्ष्मदर्शकाखाली बघणारी बाई आहे मी, पाऊल कसलं आणि भास कसला ते मला कळतं.

प्रज्योत चिडला, कोण आलं होतं विचारायला लागला. उंदीर असेल, असं मीच म्हणाले. अक्कानं माझ्या बोटांकडं बघितलं. सगळं पीठ फडक्यात बांधून वाशाला टांगलं. मग कुणाकडंही न बघता म्हणाली की एक पाय घरात ऱ्हायला. पाऊल उचललं आणि कुणी हाक मारावी तसं झालंय. जिथं ती चिमूट आसंल तिथं त्यो आसंल. तेराव्याच्या आत चिमूट परत या फडक्यात आली तर सुटंल, न्हाई तर न्हाई.

म्हणजे तिला कळलंय. माझ्या तोंडून ऐकायची वाट बघते आहे.

सांगायला हवं, कळतंय मला. पण गोळी चौदा तास हवेत आहे. चौदा तास! सरांना व्हिडिओ पाठवला, त्यांचं लगेच उत्तर : अफलातून, १ तारखेला आणखी दोघांना घेऊन येतो, हाच कण तसाच ठेव. हाच! आणि तेरावा ३० ला. दोनच दिवसांनी तेरावा उशिरा असता तर कुणाचं काय बिघडलं असतं? माझ्याच नशिबाला असली कॅलेंडरं का येतात?

२९ जानेवारी, अमावस्या

सकाळपासून लाइट नाही. अकराला इन्व्हर्टरनं मान टाकली. मी कपाळावर हात मारून गोळी कधी पडते ते बघत बसले.

पडली नाही.

वायरी काढल्या. यंत्र थंड आहे. बहात्तरच्या बहात्तर चकत्या मेलेल्या. गोळी तिथंच. चमच्यानं उचलायला गेले तर बाजूला सरकते आणि चमचा काढला की परत जागेवर येते. फुंकर मारली, परत जागेवर. चिमट्यात येत नाही.

काहीतरी कारण असणार. चौरंगावरच्या धुळीच्या रेषा मोजल्या. शांत जागांच्या जागी धूळ बसते, त्यामुळं दोन रेषांत चार मिलिमीटर हवेत. नऊ आहेत. नऊ कसे? माझी यंत्रणा नऊ देऊच शकत नाही. आणि यंत्र तर बंद आहे.

मोत्या या यंत्राच्या आवाजानं पळायचा, पण गेले दोन दिवस तो यंत्र चालू असताना खोलीत येऊन झोपत होता. आज बंद झालं आणि केकाटत बागेत पळाला तो आलेला नाही.

३० जानेवारी

तेरावा.

सकाळी ओढ्यावर सगळ्यांबरोबर उभी होते. अक्का माझ्या समोरून ते फडकं घेऊन गेली. थांबली. मला विचारलं, काय द्यायचं ऱ्हायलंय काय पोरी. सगळ्यांसमोर. मी न्हाई म्हटलं. तिच्याच भाषेत, न्हाई म्हटलं. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे, सर आले की मी स्वतः ओढ्यात सोडीन, ओढा काय तारीख बघतो का, असं मनाशी म्हणत राहिले. पीठ पाण्यावर पसरलं आणि गेलं.

दुपारी तीनला कोठीत बसले होते. लख्ख ऊन. सोप्यात धप् झालं. मग बराच वेळ काही नाही. मग परत धप्.

एका पायाचा आवाज होता. अनवाणी, जड, सारवलेल्या जमिनीवर. दोन पायांनी चालणारा माणूस असा वाजत नाही.

खोक्यावर चढून भिंतीवरून बघितलं. सोपा रिकामा. खांबापाशी रंधा.

३१ जानेवारी

खळ्यात अक्कानं सुपारी वाळत घातली होती. सकाळी सगळ्या सुपाऱ्या ओळीत. सरळ ओळी, दोन ओळींत मोकळी जागा. अक्काला वाटलं मी केलं. मी मोजलं. वीतभर. सगळीकडं वीतभर.

परवा नऊ मिलिमीटर. काल कोठीत भाताची टरफलं दोन बोटांवर होती, ते लिहिलं नव्हतं मी. आज वीत. जागा वाढत चालली आहे. चौरंगापासून मोजलं तर सगळ्या ओळी चौरंगाकडंच येतात.

धप् आता या बाजूला आहे. चौरंगाजवळ. येतो आणि उभा राहतो. मग मोजणं. ऐकू येत नाही खरं तर, पण कळतं, छातीत कळतं. एक. दोन. तीन. सहाशेला थांबतं आणि पुन्हा एकपासून. चिडत नाही. कधीच चिडायचे नाहीत.

मामा, झालीत हो दहा मिनिटं. बघितलीत ना. जा आता. मोठ्यानं म्हटलं. जा ना हो.

एक. दोन.

१ फेब्रुवारी

सर येत नाहीत.

सकाळी नवाला मेसेज. दिल्लीला बैठक निघाली, सॉरी पल्लवी, व्हिडिओ पुरेसा आहे, तेवढ्यावर काम होईल.

पुरेसा! तो व्हिडिओ २८ लाच पाठवला होता मी! २८ ला पुरेसा नव्हता? तेव्हा हेच म्हणाला असता तर मी तेव्हाच ती चिमूट — मी तेव्हाच — कशाला थांबले मी, कुणासाठी? आग लागो त्या दिल्लीला आणि त्या फेलोशिपला. फोन फेकला. जिवाच्या आकांतानं फेकला भिंतीवर.

भिंतीपर्यंत गेला नाही.

कमरेएवढ्या उंचीवर थांबला. तिथंच आहे. हळूहळू फिरतोय.

एक हात झाली जागा. फोन मावतो म्हणजे हातभर.

त्याच दिवशी, दुपारी

अक्काला सांगितलं. सगळं. पाय धरून सांगितलं. चिमूट, हाक, न्हाई म्हटलेलं, सगळं.

रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. चुलीपाशी बसली आणि एकच विचारलं, तू हाक मारल्यावर लगेच आले काय गं? मी हो म्हटलं. म्हणाली, म्हंजे ऐकू येत होतं त्यांना. मी उगीच बोलायची कान न्हाईत म्हणून. आणि मग रडली, आजवर रडली नव्हती ती सगळी.

प्रज्योत काल मडगावला गेला. आम्ही दोघीच. मी म्हटलं, अक्का आपण जाऊ इथून, जीप येईल चारला. ती म्हणाली, तू जा पोरी. मी न्हाई येत. एक पाय उचलून उभ्या माणसाला टाकून मी कुठं जाऊ?

गेले मी. पिशवी घेऊन, खोकी तिथंच. उंबऱ्यापर्यंत गेले. उंबऱ्यापुढं पाय जात नाही. कुणी धरत नाही, दुखत नाही, नुसतं — मऊ, आणि परत आत. चमच्यापुढची गोळी जशी.

तीनदा गेले. तीनदा परत जागेवर.

अक्का येऊन बघून गेली. ती बाहेर जाऊ शकते. तिला काही होत नाही.

२ फेब्रुवारी, सकाळ

जागा पुरुषभर झाली. न मोजता कळतं.

अक्का पहाटेपासून दळत होती. भाजलेल्या तांदळाचा वास. सोप्यात खांबापाशी पीठ पसरलं, मला त्याच्या कडेला उभं केलं. म्हणाली, डावं त्यांचं पडून गेलंय. उजवं ऱ्हायलंय. हाक तू मारलीस, पायबी तूच टाक. दाराकडं तोंड करून उजवा पाय पिठात टेकव, बस. एक पाऊल. ते जातील, तू सुटशील. तिला माझा राग नाही. माझा हात धरून सांगत होती.

धप् माझ्या मागं. अगदी मागं. मोजतात. चारशे काहीतरी.

वही हातात. पेन सुटलं तर पडत नाही, म्हणून लिहिता येतं. लिहीत राहते म्हणजे घाबरायचं —

मी पाय टेकवला.

टेकला नाही.

खाली बघितलं. टाचा आणि पीठ, मधे दोन बोटं. डावा पायही. दोन्ही.

दाबतेय. अंग सगळं लावून दाबतेय. परत वर. जागेवर.

अक्का गुडघ्यावर बसली आहे. पीठ दोन्ही ओंजळींनी वर उचलून माझ्या तळव्याला लावायला बघते. पीठ उडतं, थांबतं, माझ्याभोवती ओळीनं थांबतं. ती रडते आणि म्हणते टेकव गं टेकव. मी टेकवतेच आहे. मी टेकवतेच आहे अक्का

पाचशे नव्वद

चार बोटं. आता चार बोटं —

मामा मोजू नका. मोजू नका हो. सहाशे झाले की पुन्हा एकपासून, मग पुन्हा, मग मी किती —

वीत झाली. अक्काचे हात पोचत ना